उजनीच्या काठावरचा परतीचा हंगाम

महाराष्ट्रातल्या बहुतेक पक्षीनिरीक्षकांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेबरोबर जवळजवळ आटोपतो. पाहुणे पक्षी कधी आले, कोणता दुर्मीळ पक्षी प्रथम कोणाला दिसला, यावर हिरिरीने चर्चा होते. ते कधी गेले याची नोंद मात्र फारच थोड्या वह्यांमध्ये सापडते. माझ्या वह्यांचीही गत तीच होती. आगमनाची पाने भरलेली आणि होळीनंतरची पाने कोरी, असे वर्षानुवर्षे चालले होते. यंदा मात्र फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत उजनीच्या फुगवट्याचा एकच ठरावीक पट्टा दर रविवारी पाहायचा आणि परतीचा प्रवास जसा घडेल तसा नोंदवायचा, असे ठरवले. त्या अडीच महिन्यांत जे पाहायला, मोजायला आणि समजून घ्यायला मिळाले ते येथे लिहीत आहे.

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, पण पाहुण्या पक्ष्यांच्या शरीरात तो माघातच जागा झालेला असतो. दिवस मोठा होऊ लागला की त्याची जाणीव मेंदूतल्या विशिष्ट पेशींना होते, संप्रेरके पाझरू लागतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठू लागते आणि अनेक जातींमध्ये पिसे बदलून विणीचा रंग चढू लागतो. आपल्याला काठावरून यातले फार थोडे दिसते. दिसतो तो रंग आणि दिसते ते सततचे खाणे. डिसेंबरात भर दुपारी चोच पाठीत खुपसून झोपणारी बदके फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारीही चरताना दिसू लागली, हा फरक पहिल्या काही रविवारांतच लक्षात आला.

निरीक्षणासाठी निवडलेला पट्टा डिकसळच्या जुन्या पुलापासून कुंभारगावच्या बाजूपर्यंतचा होता. बारामतीहून तेथे तासाभराच्या आत पोहोचता येते, त्यामुळे सूर्योदयापूर्वी काठावर उभे राहणे जमण्यासारखे होते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली तरी तिचा फुगवटा पार इंदापूर आणि दौंड तालुक्यांपर्यंत पसरलेला आहे, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचे खरे महत्त्व या उथळ शेपटाकडच्या भागातच आहे. पावसाळ्याअखेर पाणी काठाशी भिडलेले असते. मग शेतीसाठी आवर्तने सुटू लागली की ते हळूहळू मागे सरकते आणि दर आठवड्याला चिखलाची नवी पट्टी उघडी पडते. शेतकरी त्या ओल्या जमिनीत गाळपेर करतात, आणि तिच्या पलीकडच्या चिखलात किनाऱ्यावरचे पक्षी चरतात. ज्या वर्षी उजनी लवकर मायनसमध्ये जाते, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरते, त्या वर्षी पळसदेवचे पाण्यात गेलेले जुने देऊळ उघडे पडते आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. पाण्याची ही पातळी वहीत लिहिल्याशिवाय पक्ष्यांच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही, कारण पक्षी कमी झाले ते उत्तरेला गेल्यामुळे की चिखल दुसरीकडे सरकल्यामुळे, हे नंतर सांगता येत नाही. पातळीमापकाचे आकडे माझ्या हाती नव्हते. म्हणून काठाजवळ वठून उभ्या असलेल्या एका बाभळीपासून पाणी किती पावलांवर आहे, एवढेच मी लिहीत गेलो, आणि तुलनेला ते पुरले.

पद्धत साधी ठेवली होती. दर वेळी त्याच जागांवर, त्याच क्रमाने, तितकाच वेळ थांबायचे आणि ओळखता आलेली प्रत्येक जात लिहायची, मग ती चिमणी असो वा साळुंकी. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ‘ओळखता आलेले सर्व पक्षी या यादीत आहेत का’ असा प्रश्न विचारला जातो. त्याला प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता आले तरच यादीत नसलेला पक्षी त्या दिवशी आढळला नाही असा अर्थ निघू शकतो, आणि परतीच्या हंगामात सगळी मदार याच न आढळण्यावर असते. मोठे थवे मोजताना दहा पक्षी नीट मोजून तेवढा तुकडा नजरेत बसवायचा आणि मग तो थव्यावर पुढे पुढे सरकवत न्यायचा, ही गणनेतली जुनी रीत उपयोगी पडली. मार्चमध्ये वेळेचे बंधन मात्र फार कडक होते. नऊ वाजले की चिखलावरची हवा थरथरू लागते, आणि तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तर दूरच्या तुतवाराचे पाय, चोच आणि पोट एकमेकांत मिसळून जातात. जे ओळखायचे ते त्याच्या आत ओळखायचे. उरलेला दिवस साध्या दुर्बिणीने आणि कानांनी काम भागवायचे.

पहिले गेले ते पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेले हे राखी हंस दिवसा पाण्याकाठी विसावतात आणि रात्री आसपासच्या हरभऱ्यात, गव्हात चरायला जातात. त्यामुळे काठावरच्या शेतकऱ्यांना त्यांच्याविषयी माझ्याइतके प्रेम नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा थवा एका बेटासारख्या उंचवट्यावर होता. पुढच्या रविवारी तेथे एकही हंस नव्हता. होडी चालवणारे जे मामा मला नेहमी भेटत, त्यांना विचारले तेव्हा त्यांनी जाळे आवरता आवरताच उत्तर दिले, “गेले की सर ते. बुधवारी सांजच्याला होते, बेस्तरवारी सकाळी जाळी काढाय आलो तर न्हाईत. लई वरडत होते त्या सांजेला.” जाण्याआधीच्या संध्याकाळचा तो गलका ही माझ्या साऱ्या फेब्रुवारीतली सर्वांत नेमकी नोंद होती आणि ती मला उसनी मिळाली. वहीत ती तशीच, ऐकीव म्हणून लिहिली.

या हंसांचे पुढे काय होते हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. मंगोलियात मानेत खुणेच्या पट्ट्या घातलेले पट्टकादंब भारतातल्या जलाशयांवर, महाराष्ट्रातही, दिसलेले आहेत. पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात त्यांच्या हिमालय ओलांडण्याची मोजमापे मिळाली. सर्वाधिक उंची ७२९० मीटर नोंदली गेली, पण बहुतेक उड्डाण ६००० मीटरच्या आतच होते. एव्हरेस्टच्या माथ्यावरून जाणारे हंस हे चित्र लोकांना फार आवडते. प्रत्यक्षात ते डोंगराच्या चढउताराला धरून उडतात, खोरे आले की उंची सोडून देतात आणि कडा आला की पुन्हा चढतात, कारण विरळ हवेत उगाच उंचावर राहण्यापेक्षा हा मार्ग कमी शक्तीत होतो. चढाईसाठी ते बहुधा रात्रीची किंवा पहाटेची थंड, दाट आणि शांत हवा निवडतात. आपल्याकडून जातानाचा चढ इकडे येतानाच्या चढापेक्षा अवघड असतो, कारण गंगेच्या सखल मैदानातून एकदम भिंतीसारखा हिमालय समोर येतो. इंदापूरच्या हरभऱ्यावर जमवलेली चरबी त्या वाटेवर कोठवर पुरत असेल, याचा हिशेब करण्याचा मोह मी टाळला.

बदकांचे जाणे असे एका रात्रीत उरकणारे नव्हते. तलवार बदके मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात टप्प्याटप्प्याने ओसरली. थापट्या त्यांच्यानंतरही रेंगाळले. भुवई बदकांची संख्या तर मार्चच्या मध्याला उलट वाढली, कारण अधिक दक्षिणेकडे हिवाळा काढलेले थवे परतीच्या वाटेवर येथे टेकत असावेत. हा मुद्दा मला या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाचा वाटला. जलाशयावर लागोपाठ दोन आठवडे तेवढेच पक्षी दिसले म्हणून तेच पक्षी थांबले आहेत असे मुळीच नसते. काही निघून जातात, काही दक्षिणेकडून येऊन त्यांची जागा घेतात, आणि आकडा जागेवरच राहतो. पायात कडे किंवा मानेत पट्टी नसेल तर हा बदल ओळखण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. अपवाद रंगाचा.

तो अपवाद पाणटिवळ्यांनी दाखवला. लांब सरळ चोचीचे, उंच पायांचे हे पक्षी हिवाळाभर राखी-तपकिरी असतात, आणि मार्चमध्ये त्यांची मान व छाती विटकरी होऊ लागते. सगळ्यांना रंग एकदम चढत नाही. एखादा जवळजवळ पूर्ण लाल झालेला असतो, तर त्याच्या शेजारच्याच्या छातीवर चार-दोन विटकरी पिसे तेवढी उगवलेली असतात. मी संख्येशेजारी ‘लाल, अर्धे, राखी’ असे तीन रकाने आखले. एका रविवारी थव्यात लाल आणि अर्धलाल पक्ष्यांचे प्रमाण ठळकपणे जास्त होते. पुढच्या रविवारी थवा तेवढाच मोठा होता, पण त्यात राखीच अधिक होते. विटकरी झालेली छाती आठवड्याभरात पुन्हा राखी होत नाही. म्हणजे आधीचे तयार झालेले पक्षी निघाले होते आणि ही दुसरी तुकडी होती.

कुरवांचे रंगणे त्या मानाने सर्वांना दिसेल असे असते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात पांढरेच असते, डोळ्यामागे केवळ एक काळसर ठिपका असतो. मार्चमध्ये चॉकलेटी बुरखा चढतो आणि मग त्याचे नाव त्याला शोभू लागते. मासेमारीच्या होड्यांमागे गोंगाट करत फिरणाऱ्या थव्यात बुरखा पूर्ण झालेले, अर्धवट झालेले आणि अजून पांढऱ्या डोक्याचे असे सगळेच असत. होडीतून फेकलेल्या चिलापीच्या तुकड्यांवर तुटून पडणारे हे पक्षी थोड्याच दिवसांत लडाख-तिबेटच्या पठारावरील सरोवरांच्या दिशेने निघणार, हे मनाशी जुळवणे अवघड जाते.

परंतु माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो पिवळ्या धोब्यांवर, आणि त्याची मला खंत नाही. हिवाळ्यात हा पक्षी म्हणजे पाठीला मळकट हिरवा, पोटाला फिकट पिवळसर, शेपटी हलवत चालणारा एक साधा धोबी असतो आणि त्याच्या उपजाती ओळखण्याचा नाद बहुतेकजण सोडून देतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात नरांच्या डोक्यावर नवी पिसे येतात तेव्हा एकाच गाळपेरीच्या वाफ्यात तीन वेगवेगळी डोकी दिसू लागतात. एकाचे डोके चकचकीत काळे, कपाळापासून मानेपर्यंत. दुसऱ्याचे गडद पाटीच्या रंगाचे, गाल जवळजवळ काळे आणि भुवई नाही. तिसऱ्याचे फिकट निळसर राखी, त्यावर रुंद पांढरी भुवई आणि डोळ्याखालीही पांढुरका भाग. ही तिसरी उपजात सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांच्या सूचीत नोंदवली आणि तिच्या शास्त्रीय नावात भीमा नदीचे नाव घातले. तोच पक्षी भीमेच्याच गाळात, टरबुजाच्या कोवळ्या वेलांमधून माश्या टिपत फिरताना पाहण्यात एक वेगळी गंमत होती, हे मान्य केले पाहिजे.

वाफ्याच्या बांधावर पोटावर आडवे होऊन पाहिले तर हे पक्षी दहा-बारा पावलांपर्यंत येतात. मार्चच्या मध्याला एक नर असा समोर आला. त्याच्या पोटाचा पिवळा रंग मधूनमधून विरळ होता, जुनी मळकी पिसे आणि नवी हळदी पिसे एकाआड एक बसलेली. डोक्यावर डाव्या बाजूला राखी रंग पूर्ण आला होता, तर उजव्या कानाजवळ अजून हिवाळ्याचा हिरवट तुकडा शिल्लक होता. तो दोन पावले पळे, थांबे, शेपटी तीनदा खाली झटके आणि मग कलिंगडाच्या पानाखालून काहीतरी इतक्या चपळाईने उचले की काय उचलले ते एकदाही दिसले नाही. असे अर्धवट पक्षी क्षेत्रपुस्तिकेतल्या कोणत्याच चित्राशी जुळत नाहीत. ज्यांची खात्री झाली नाही ते ‘पिवळा धोबी’ एवढ्याच नावाने नोंदवावेत, हेच योग्य.

उपजाती वेगळ्या काढल्याचा उपयोग मार्चअखेरीस झाला. काळ्या डोक्याचे नर एप्रिल उजाडण्यापूर्वीच दिसेनासे झाले, फिकट डोक्याचे त्यांच्यानंतर, आणि पाटीच्या रंगाच्या डोक्याचे एप्रिलच्या उत्तरार्धातही वाफ्यांत होते. यामागचे कारण त्यांच्या घरांच्या अंतरात आहे. काळ्या डोक्याचा धोबी बाल्कन प्रदेशापासून मध्य आशियापर्यंत, म्हणजे तुलनेने दक्षिणेत, वीण करतो, आणि तेथे वसंत लवकर येतो. पाटीच्या रंगाच्या डोक्याचा धोबी थेट उत्तर स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियाचा. त्याच्या गावी बर्फ वितळायलाच मे उजाडतो, मग लवकर जाऊन त्याने खायचे काय? सर्वांत लांब जायचे आहे म्हणून सर्वांत आधी निघावे, असा आपला प्रवासाचा हिशेब येथे लागू पडत नाही.

पाण्यापासून थोडे दूर गेले की याच काळात भोरड्यांचे राज्य असते. पळस फुलला, पांगारा फुलला, काटेसावरीखाली जाड लाल पाकळ्यांचा सडा पडला की त्या झाडांवर भोरड्यांची जी कलकल चालते ती झाड दिसण्याआधी ऐकू येते. ज्वारीच्या दिवसांत याच थव्यांवर गोफणी चालतात. ज्वारी निघाली की ते फुलांकडे वळतात आणि मधासाठी चोच खुपसताना कपाळाला पिवळे पराग माखून घेतात. रंगाच्या बाबतीत भोरडीची तऱ्हा धोब्याच्या उलट आहे. तिला वसंतात नवी पिसे येत नाहीत. हिवाळ्यातल्या पिसांची मळकी टोके झिजत जातात आणि खालचा काळा व गुलाबी रंग उघडा पडतो. चोचही गुलाबी होते, बुडाशी काळी. मार्चअखेरच्या भोरडीकडे पाहिले की नोव्हेंबरात तारेवर बसलेली ती कळकट भोरडी हीच, यावर विश्वास बसत नाही.

संध्याकाळी हे थवे उसाच्या फडावर आणि बाभळींवर रात्रीच्या मुक्कामाला जमत. त्या गोळा होणाऱ्या, पसरणाऱ्या, दुमडणाऱ्या थव्यांची चित्रफीत आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते, म्हणून तिचे वर्णन करीत नाही. मला त्यातून हवी होती ती वेळ आणि संख्या. संख्या काढणे अशक्यच होते. हजारो एवढेच म्हणता येई. वेळ मात्र नोंदता आली. मार्चच्या शेवटी थवे मुक्कामाला येण्याची वेळ सूर्यास्ताच्या अधिकाधिक जवळ येत गेली, म्हणजे ते दिवसाचा शेवटचा उजेडही चरण्यात घालवत होते. पाडव्यानंतर एका रविवारी पळसाची झाडे जवळजवळ ओकीबोकी होती, आणि मुक्कामाच्या बाभळींवर स्थानिक साळुंक्या तेवढ्या भांडत होत्या. कारखान्याची धुराडीही तोवर थंडावली होती आणि ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर संसारासकट बीडच्या वाटेला लागले होते. फड रिकामे झाल्यामुळे भोरड्यांची मुक्कामाची जागाच नाहीशी होते, हेही त्यांच्या दिसेनासे होण्यामागचे एक कारण असू शकते. केवळ तारखेवरून ते वेगळे काढता येणार नाही.

आता त्या तारखांविषयी. पहिल्या दर्शनाची तारीख पक्षी दिसला त्या क्षणी कळते आणि लगेच चार जणांना सांगता येते. शेवटच्या दर्शनाची तारीख त्या दिवशी कधीच कळत नाही. एखादा दलदली भोवत्या पाणवेलींवरून संथ घिरट्या घालत गेला, तो शेवटचा होता हे पुढचे दोन-तीन रविवार तो न दिसल्यावर ठरते, आणि त्यासाठी ते रविवारही तेवढ्याच निगुतीने घालवावे लागतात. एप्रिलमध्ये डोक्यावर ऊन, समोर उघडा चिखल आणि वहीत शून्यांच्या ओळी, असे काम करायला सोबत मिळत नाही. मला सुरुवातीला सोबत करणारे दोघे मित्र मार्चनंतर आले नाहीत, आणि मी आग्रहही केला नाही. तरीही शेवटच्या तारखांना अर्थ येतो तो त्या शून्यांमुळेच. नुसती ‘भोवत्या, २३ मार्च’ अशी नोंद म्हणजे निरीक्षक शेवटचा गेला तो दिवस असू शकतो.

जाण्याचा प्रत्यक्ष क्षण मला एकदाच पाहायला मिळाला, असे मला वाटते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळऐवजी मुद्दाम संध्याकाळी गेलो होतो, कारण तुतवार-पाणटिवळे बहुधा सूर्यास्ताच्या सुमारास निघून रात्री प्रवास करतात. सूर्य टेकल्यावर पाणटिवळ्यांमध्ये चुळबूळ सुरू झाली. काही उडत, एक फेरी मारून परत उतरत, पुन्हा उडत. मग वीस-बावीस पक्ष्यांचा एक गट उठला आणि परत उतरला नाही. रोजच्या जागाबदलात ते पाण्यालगत उडतात. हा गट मात्र सतत ओरडत, वळसे घेत उंच चढत गेला, त्याची एक वाकडी ओळ झाली आणि ती करमाळ्याच्या बाजूने ईशान्येकडे दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर गेली. ते स्थलांतराला निघाले की दुसऱ्या कोणत्या तळ्यावर गेले, हे सिद्ध करण्याचे साधन माझ्याकडे नाही. वेळ, दिशा, वाऱ्याचा अंदाज आणि गटाचा रंग मी लिहून ठेवला. सगळे विटकरी होते, इतके त्या अंधुक उजेडातही कळले.

हा काळ पक्ष्यांना त्रास न देण्याचाही आहे आणि नेमका याच काळात तो सर्वांत जास्त दिला जातो. बदके जात असताना रोहित पक्षी मात्र वाढत जातात, कारण पाणी उथळ झाले की त्यांना चिखल गाळून खाणे सोपे पडते. मग रोहितांसाठी शहरांतून गाड्या येतात. बहुतेक होडीवाले अंतर राखतात. तरी एका रविवारी एका होडीतल्या पाहुण्यांनी उडतानाचे छायाचित्र हवे म्हणून थव्याच्या दिशेने होडी घ्यायला लावली, आणि रोहितांबरोबर शेजारचे सगळे टिलवे, तुतवार आणि रफ उठले ते पाऊण तास पुन्हा चरायला उतरले नाहीत. लांब पल्ल्याचे काही किनारपक्षी निघण्यापूर्वी आपले वजन दीडपटीपर्यंत वाढवतात. ते वजन अशा पाऊण-पाऊण तासांतून कमावलेले असते. मामांनी त्या होडीवाल्याला काठावर आल्यावर चार शब्द सुनावले, पण पाहुण्यांनी जास्त पैसे दिले होते, आणि ज्यांची जमीन याच पाण्याखाली गेली त्यांच्या पुढच्या पिढीला या पैशांचे मोल काय आहे, हे काठावर उभे राहून मी त्यांना सांगावे असे मला वाटले नाही. पाहुण्यांना मात्र सांगितले.

एप्रिलमध्ये उघड्या पडलेल्या बेटांवर नदीसुरय आणि छोट्या आर्ली अंडी घालू लागल्या. टिटव्यांची घरटी गाळपेरीच्या कडेला होती, त्यांच्या अंड्यांचा रंग ढेकळांसारखा असल्यामुळे पाऊल टाकण्याआधी जमीन पाहावी लागे. पाहुणे गेल्यामुळे काठ ओस पडतो, ही माझी पूर्वीची समजूत वहीने खोडून काढली. जातींची संख्या घटली, पण पक्ष्यांची हालचाल आणि आवाज कमी झाले नव्हते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी यादीत पाहुण्यांपैकी पाटीच्या डोक्याचे काही धोबी, थोडे ठिपकेवाले तुतवार आणि पाच पाणटिवळे होते. ते पाचही पूर्ण राखी होते, छातीवर विटकरी पिसाचा मागमूस नव्हता. किनारपक्ष्यांमध्ये पहिल्या वर्षाची पिल्ले बहुधा वीण करीत नाहीत आणि त्यांतली बरीच उन्हाळाभर दक्षिणेतच राहतात, तेव्हा ही त्यांतलीच असावीत. म्हणून पाणटिवळ्यांच्या शेवटच्या तारखेचा रकाना मी दोन भागांत केला: रंगलेले पक्षी ६ एप्रिल, राखी पक्षी अद्याप आहेत. साधे तुतवार जुलैच्या अखेरीस परत येऊ लागतात, भोरड्यांचे पहिले थवेही त्याच सुमारास दिसतात. त्यामुळे त्या राखी पाच पक्ष्यांचा मागोवा घेण्यासाठी मे-जूनमध्ये महिन्यातून एकदा आणि जुलैच्या मध्यापासून पुन्हा दर रविवारी जायचे ठरवले आहे. मामांनी त्याआधी एक अट घातली आहे, की पाऊस वेळेवर आला आणि पाणी बाभळीपर्यंत चढले तर पायी फिरायचे नाही, होडीतूनच यायचे.